देवघरात गेलेला सेनापती

मित्रांनो, नांदूरघाटच्या एका देवघरात खंडोबाच्या शेजारी, अन्नपूर्णेच्या जरा मागे, बोटाएवढा एक घोडेस्वार उभा आहे. तो मी. वयाने मी फार जुना नाही. पण अंगावरचा रंग उडाला आहे आणि नाक झिजलं आहे, त्यामुळे येणारे पाहुणे मला पिढीजात समजून हात जोडतात. रोज सकाळी मला हळद-कुंकू लागतं. मी देव नाही. मी ऑस्ट्रियाच्या फौजेचा सेनापती आहे.

हसू नका, खरंच सांगतो. आणि घाबरूही नका, मी रडगाणं गाणार नाही. मी कथलाचा आहे, थोडं शिसंही आहे माझ्यात. या दोन्ही धातूंना फारसं काही वाटत नाही. जे झालं ते झालं, एवढंच कळतं.

माझा जन्म याच घराच्या परसात, गॅसच्या शेगडीवर झाला. या घरचा मुलगा अंगद आणि त्याचा मित्र रविराज बीडला एकाच कोचिंग क्लासला होते, स्पर्धा परीक्षेसाठी. इतिहासात त्यांना अठराव्या शतकातल्या युरोपच्या लढाया होत्या. प्रशियाचा राजा, ऑस्ट्रियाची महाराणी आणि दोघांना हवा असलेला सायलेशिया नावाचा प्रांत. वर्गातल्या बाकीच्यांनी सनावळ्या पाठ केल्या. या दोघांना मोबाइलवर दिसलं, की परदेशात चांगली मोठी माणसं टेबलावर छोटे सैनिक मांडतात, फूटपट्टीने अंतर मोजतात, फासे टाकतात आणि त्याच लढाया पुन्हा लढतात. मग काय विचारता! परीक्षा राहिली बाजूला. दोघंही नापास झाले. रविराज त्याच क्लासमध्ये इतिहास शिकवायला लागला, अंगद गावी येऊन शेती बघू लागला, आणि दर रविवारी सकाळच्या एसटीने रविराज नांदूरघाटला उतरू लागला.

तयार सैनिक मागवणं त्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून त्यांनी रबराचे साचे मागवले. कथील बीडच्या एका कल्हईवाल्याने दिलं. शिसं गॅरेजमधून आलं, गाडीच्या चाकांना लावतात त्या वजनांचं. वितळवायला मात्र भांडं नव्हतं.

"माय, तुजी फोडनीची पळी दे," अंगद म्हणाला.

"कावून?"

"सैनिक ओतायचेत."

छबुबाईंनी, म्हणजे अंगदच्या आईने, त्याच्याकडे एकदा आणि पळीकडे एकदा बघितलं. "घे. पन परत आनू नगंस. शिशाच्या पळीत मी फोडनी देनार न्हाई."

त्या पळीतून मी साच्यात उतरलो. माझ्या वेळी रस जरा थंड झाला होता, म्हणून माझ्या घोड्याची शेपूट अर्धीच आली. अंगद म्हणाला, "बाद हाय बे, परत वितळव." मी तेव्हा घडीभराचा होतो आणि परत पळीत जाणार होतो. रविराजने मला उन्हाकडे धरून पाहिलं. "राहू दे. माझा सेनापती ह्योच. शेपटीनं कुठं लढायचं असतंय?" तेव्हापासून मी रविराजचा झालो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

प्रशियाची फौज अंगदची, तिचे कोट निळे. ऑस्ट्रियाची फौज रविराजची, तिचे कोट पांढरे. सगळी पलटण रंगवून झाली आणि माझी पाळी आली, तेव्हा एप्रिलच्या उन्हात पांढऱ्या रंगाची बाटली सुकून तिचा खडा झाला होता. पिवळा तेवढा ओला होता. रविराजने मला पिवळा कोट चढवला. अंगद पोट धरून हसला. पांढऱ्या फौजेपुढे मी हळदीच्या नवरदेवासारखा दिसायचो. मला त्याचंही काही वाटलं नाही.

आमचं रणांगण सोयाबीनच्या खोलीत होतं. पोती विकली गेली, की पुढचं पीक येईपर्यंत ती खोली रिकामी असायची. दोन लोखंडी बॅरलवर एक जुनं दार आडवं टाकलेलं. त्यावर हिरवी चादर, थर्माकोलच्या टेकड्या, निळ्या प्लास्टिकची नदी आणि नदीवर काडेपेट्यांचा एक पूल. त्या पुलासाठी आम्ही किती वेळा लढलो असू, सांगता येणार नाही.

खेळ सोपा नाही, पण त्यातला एक नियम तुम्हाला सांगायलाच हवा. सेनापती पटावर असेल तोवर फौज त्याच्या हुकुमात राहते. तो पटावरून गेला, की त्या बाजूच्या प्रत्येक पलटणीने आपल्या पाळीला फासा टाकायचा. दान कमी पडलं तर ती पलटण पाठ फिरवते. म्हणून शहाणा खेळाडू सेनापतीला जपतो. रविराज मला टेकडीमागे ठेवायचा आणि घोडदळ माझ्या हाताशी. अंगदला तेवढा धीर नव्हता. पहिल्या दोन-तीन पाळ्यांतच तो सगळी निळी फौज पुलावर घालायचा, आणि मी बाजूने घोडदळ सोडून ती कापून काढायचो. अंगद एकदाही जिंकला नाही. एकदाही.

दुपारी दोघं जेवायला बसले, की छबुबाई ताटात भाकरी वाढता वाढता विचारायच्या, "जितला का रं?"

"न्हाई माय. फुडच्या खेपंला."

"बघ बाबा. एकदा तरी जित." त्यांना त्या खेळातलं काही कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं. आपला मुलगा दर रविवारी हरतो, एवढं मात्र त्यांना पक्कं माहीत होतं आणि ते त्यांना आवडत नव्हतं. वडील सुंदरराव गावात निवडणुकीचं पॅनल चालवणारे, चार माणसांत बसणारे. ते आमच्या खोलीवरून जाताना म्हणायचे, "झाला का बाहुल्यांचा खेळ?" त्यांच्या बोलण्यात राग नसायचा, कौतुकही नसायचं.

छबुबाईंना टेबलाजवळ यायला बंदी होती, कारण एकदा त्यांच्या पदराने अख्खी पलटण खाली गेली होती. त्या चहा घेऊन दारातच उभ्या राहायच्या. अशाच एका रविवारी त्यांनी तिथून विचारलं, "अंगद, ह्यातला तू कोनता रं?"

अंगदच्या एका हातात फासा, दुसऱ्या हातात कप. त्याने कपानेच दाखवलं. "त्यो घोड्यावरचा."

त्याने दाखवला त्याचा निळा सेनापती. पण त्याच्या नेमका मागे, नदीच्या पलीकडे, मी उभा होतो. आता बघा, या घराचं कुलदैवत खंडोबा. घोड्यावरचा, भंडाऱ्याने पिवळा झालेला. छबुबाई लग्न होऊन आल्यापासून रोज त्याला बघत होत्या. घोडेस्वार म्हणजे पिवळा, हे त्यांच्या डोळ्यांना ठरलेलंच होतं. त्यांची नजर माझ्यावर थांबली. "झ्याक दिसतो," त्या म्हणाल्या आणि चहाचा दुसरा कप रविराजला देऊन निघून गेल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

आषाढातल्या एका रविवारी डाव अर्ध्यावर आला होता. निळी फौज पुलाच्या तोंडाशी, माझं घोडदळ टेकडीमागे तयार. तेवढ्यात अंगदला फोन आला, की केजच्या दुकानात खत उतरलंय, आज उचललं नाही तर मिळायचं नाही. त्याने हातातला फासा टेबलाच्या कडेला ठेवला. "हात लावू नगंस बे, माझी पाळी हाय. आलोच." आणि मोटारसायकलला किक मारून तो गेला.

रविराज बराच वेळ टेबलाशी बसून होता. मग त्याचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकताच धावत बाहेर गेला. वळणावर समोरून टेम्पो आला होता. अंगद परत आला नाही.

त्यानंतरचं मी जास्त सांगणार नाही. बाहेर माणसं आली, बसली, गेली. सुंदरराव बोलायचे थांबले. कुणी काही विचारलं, की हात वर करून खाली सोडायचे. छबुबाई रडल्या नाहीत. बायका त्यांना जवळ घेऊन म्हणायच्या, "रड गं बाई, मोकळी हो." त्या म्हणायच्या, "येत न्हाई." मग उठून पाणी भरायच्या, जनावरांना वैरण टाकायच्या, भाकरी थापायच्या. भाकरी एकीने जास्त व्हायची. मी त्यांना दारातून येता-जाता पाहायचो आणि मला वाटायचं, ही बाई माझ्यासारखीच कथलाची झाली आहे.

आमच्या खोलीत कुणी येत नव्हतं. नदीवर धूळ बसली. कडेचा फासा तिथेच होता.

या घराची एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं, की त्याच्या नावाचा टाक करून देवांत ठेवतात. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर माणूस किंवा घोडेस्वार उठवलेला. म्हणजे गेलेला घरातच राहतो आणि त्याला रोजचा नैवेद्य मिळतो. तेराव्यानंतर छबुबाईंनी टाकाची गोष्ट काढली. सुंदरराव म्हणाले, "वर्षश्राद्ध झाल्यावर करतेत टाक. तवा सोनाराला सांगू."

"वर्षभर कुठं ऱ्हाईल त्यो?" छबुबाईंनी विचारलं.

सुंदररावांनी हात वर करून खाली सोडला.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, ओल्या केसांनी छबुबाई आमच्या खोलीत आल्या. दारातच थांबून त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला. आता ओरडायला कुणी नव्हतं, तरी खोचला. मग अंग चोरत त्या टेबलाजवळ आल्या. एकाही सैनिकाला धक्का न लावता त्यांनी हात लांब केला आणि नदीपलीकडून मला उचललं. निळा सेनापती अलीकडेच उभा होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मला तोंड असतं तर मी बोललो असतो का? खरं सांगायचं तर माहीत नाही.

देवघरात माझं बरं चाललं. रोज पाणी, रोज गंध. गुळाचा खडा. छबुबाई मला ओल्या बोटाने पुसायच्या आणि हळूच सांगायच्या, आज गाईने किती दूध दिलं, पाण्याची मोटार जळाली, तुझा बाप जेवला नाही. नवरात्राच्या आधी घरोघर देव घासतात, तसं मलाही चिंच लावून घासलं. माझा पिवळा कोट, काळे बूट, चेहऱ्यावरच्या मिशा, सगळं ताटातल्या पाण्यात उतरलं. रविराजने किती रविवार घालवले होते त्यावर! मी चांदीसारखा लख्ख निघालो. "बघा," छबुबाई सुंदररावांना म्हणाल्या, "टाकच झालाय."

मग सोयाबीन निघालं. मळणी होऊन पोती अंगणात ताडपत्रीखाली पडली, आणि आभाळ भरून आलं. आता खोली मोकळी करणं भाग होतं. सुंदररावांनी रविराजला फोन लावला. "ये. तुमचं ते घिऊन जा. पानी आलं तर माल भिजंल."

रविराज आला. तेराव्यानंतर पहिल्यांदाच येत होता. त्याने खोकं टेबलाखाली ठेवलं, पण सैनिकांना हात लावला नाही. कडेच्या फाशाकडे बघत राहिला.

"काका, उचलायच्या आदी डाव पुरा करू द्या. अंगदची पाळी ऱ्हायलीय."

सुंदररावांनी दारातून आभाळाकडे पाहिलं. "किती येळ लागंल?"

"लई न्हाई."

मग रविराजने नदीपलीकडे नजर टाकली आणि तो वाकून टेबलाखाली शोधू लागला. कोपरे पाहिले, टेकडी उचलून पाहिली. "काकू, एक घोड्यावरचा दिसत न्हाई."

"देवात हाय," छबुबाई म्हणाल्या. त्या मला तळहातावर घेऊन आल्या आणि नेहमीप्रमाणे दारातच थांबल्या. "ह्यो न्हवं का आमचा अंगद? त्यानंच दावलं हुतं मला. टाक हाय आता त्याचा. आनलाय त्याला, बघू द्या त्याला बी."

रविराज जवळ आला. माझा कोट नव्हता, चेहराही धड नव्हता. पण त्याने माझ्या घोड्याची अर्धी शेपूट पाहिली. त्याने ओळखलं. त्याचे ओठ उघडले, आणि मी मनात म्हटलं, आता हा सांगणार, की काकू, हा अंगद नाही. हा तर दर रविवारी अंगदला हरवणारा. मग मी परत टेकडीमागे जाईन, घोडदळ माझ्या हाताशी असेल. मला परत जायचं होतं, मित्रांनो. हे मात्र मला वाटलं होतं.

"हां काकू," रविराज म्हणाला. "ह्योच."

त्याने फासा सुंदररावांपुढे धरला. "काका, अंगदच्या बाजूनं तुमी टाका."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"नुसता टाका. चाल मी करतो. त्यानं काय केलं असतं ते मला ठावं हाय."

सुंदरराव एका पोत्यावर टेकले आणि त्यांनी फासा टाकला. रविराजने निळी फौज उचलली आणि सगळीच्या सगळी पुलावर घातली, अगदी अंगद घालायचा तशी, आगापिछा न बघता. माझं घोडदळ टेकडीमागे तयारच होतं. एक हुकूम पुरे होता. पण हुकूम देणारा मी छबुबाईंच्या हातावर, पटापासून चार पावलांवर.

रविराजची पाळी आली. सेनापती पटावर नव्हता, म्हणून त्याने नियमाप्रमाणे एकेका पलटणीसाठी फासा टाकायला घेतला. कुठेही हात राखला नाही, एकही दान लपवलं नाही. पहिली पलटण टिकली. दुसरी फिरली. घोडदळ फिरलं. माझं घोडदळ! ज्याने कधी पाठ दाखवली नव्हती, ते टेबलाच्या कडेवरून खोक्यात गेलं.

छबुबाईंना एवढं कळलं, की पांढरे जात आहेत आणि रविराज गप्प आहे. त्यांनी माझा हात, म्हणजे मला धरलेला आपला हात, जरा पुढे केला. "ह्याला ठिवू का तिथं? लागतोय का?"

तेवढंच हवं होतं. त्यांनी मला ठेवलं असतं तर फौज थांबली असती.

"नगं काकू," रविराज म्हणाला. "त्याला तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

पुन्हा सुंदररावांनी फासा टाकला. या वेळी ते पोत्यावरून उठले होते आणि वाकून बघत होते. पुन्हा पांढरे मागे हटले. काडेपेट्यांच्या पुलावर आता सगळे निळे होते. बाहेर ताडपत्रीवर टपटप थेंब वाजायला लागले, तरी कुणी हललं नाही.

"झालं," रविराज म्हणाला.

छबुबाईंनी दारातूनच विचारलं, "कोन जितलं?"

"अंगद जितला, काकू."

"खरं?"

"खरं. नियमानं जितला. मी हारलो."

छबुबाईंची मूठ माझ्याभोवती मिटली, इतकी घट्ट, की माझी तलवार वाकली. ती आजही वाकडी आहे. "जितलास का रं," त्या मुठीला म्हणाल्या, "जितलास का रं माझ्या लेकरा." आणि त्यांना रडू आलं. जमिनीवर बसून, भिंतीला डोकं टेकून, आषाढापासूनचं सगळं त्या रडल्या. सुंदरराव त्यांच्याजवळ जाऊन बसले. पोती भिजत होती. रविराज एकटाच पळत गेला आणि एकेक ओढून आत आणू लागला.

निघताना त्याने दोन्ही फौजा खोक्यात भरल्या. निळा सेनापती मात्र त्याने भरला नाही, शर्टाच्या खिशात ठेवला. म्हणजे त्याचा सेनापती इथे राहिला आणि अंगदचा त्याच्याबरोबर बीडला गेला. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. मीही आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

वर्षश्राद्धाला सुंदररावांनी सोनाराला बोलवायचं का, म्हणून विचारलं. छबुबाई म्हणाल्या, "कशाला? हाय की टाक." तेव्हापासून मी इथेच आहे. मला अंगद म्हणतात. आधी ते नाव ऐकून मी तिसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय असं समजायचो. आता माझ्या चेहऱ्यावर माझं म्हणावं असं काही उरलेलं नाही, आणि कुणी अंगद म्हटलं की मला कळतं, मलाच म्हणताहेत.

मित्रांनो, तुमच्याकडे कुणाचा डाव अर्धा पडून राहिला असेल, तर आवरून ठेवण्याआधी तो पुरा करा. ज्याची पाळी आहे तो नसेल, तर त्याच्या वतीने कुणाला तरी फासा टाकायला सांगा. आणि नवरात्राच्या आधी देव घासायला बसाल, तेव्हा त्यात एखादा वाकड्या तलवारीचा, अर्ध्या शेपटीच्या घोड्यावरचा स्वार दिसला, तर चिंच जरा हळू लावा. तो कुणाचा तरी मुलगा आहे.